बायकोची तपासणी होते, मग माझी का नाही?

ताई,
माझं वय ४६, बायकोचं ४३. तिच्या नेहमीच्या तपासणीत एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू, पॉझिटिव्ह आलं. १६ आणि १८ हे प्रकार नाहीत, रिपोर्टवर 'इतर हाय रिस्क' असं लिहिलंय. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल आहे. डॉक्टरांनी वर्षभराने परत यायला सांगितलं. मी म्हटलं, हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो तर माझीही तपासणी करून टाका. त्या म्हणाल्या, पुरुषांसाठी अशी तपासणी नसते. दोन लॅबना फोन केला. एकीने नाही म्हणून सांगितलं, दुसरी लगेच तयार झाली! पुरुषांनाही याच विषाणूमुळे घशाचा कॅन्सर होतो असं वाचलंय. मग आमच्याकडे हे दुर्लक्ष का?
बायकोची तक्रार नेमकी उलटी आहे. ती म्हणते, "विषाणू दोघांचा, पण टेबलावर झोपायचं मी एकटीने." तिला ती तपासणी दुखते. वर्षभराने पुन्हा तेच, या विचारानेच ती वैतागली आहे. आणि एक प्रश्न आम्ही दोघंही उघड बोलत नाही: हा विषाणू आमच्या घरात आला कुठून?
जाता जाता, मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि मुलगी दहाची. लस दोघांनाही द्यायची का?
— एक नवरा

नमस्कार,

जो प्रश्न तुम्ही उघड बोलत नाही तो मी आधी घेते. तो मनात घोळत असला तर बाकीचं उत्तर डोक्यात शिरणार नाही.

विषाणू कुठून आला हे कोणीही सांगू शकत नाही. तुमच्या डॉक्टर नाहीत, लॅब नाही, आणि मीही नाही. एचपीव्ही शरीरात शिरतो तेव्हा ताप येत नाही, दुखत नाही, काही दिसत नाही. बहुतेकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत काबूत आणतं. काहींच्या शरीरात तो इतक्या कमी प्रमाणात दडून राहतो की तपासणीत सापडतच नाही, आणि कैक वर्षांनी, वयानुसार किंवा प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडल्यावर पुन्हा डोकं वर काढतो. ज्यांचे शरीरसंबंध आले आहेत अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो भेटलेला असतो. आज पॉझिटिव्ह आलेली लागण मागच्या महिन्यातली असू शकते किंवा वीस वर्षांपूर्वीची, तुमच्याकडून आलेली असू शकते किंवा तुमची ओळख होण्याच्याही आधीची. तारीख सांगणारी तपासणी अस्तित्वात नाही. तेव्हा त्या रिपोर्टवरून एकमेकांवर संशय घ्यायला आधारच नाही. हा परिच्छेद बायकोला वाचून दाखवा. तुम्ही बोलत नाही म्हणजे त्याही बोलत नसणार, आणि दोघंही मनात तेच घोळवत असणार.

दुसरं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले डझनभर कॅन्सरशी जोडलेले आहेत, आणि १६ व १८ हे दोन सर्वांत खोडकर: जगातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात. ते तुमच्या पत्नीच्या नमुन्यात नाहीत आणि पेशीही नॉर्मल आहेत. अशा वेळी वर्षभर थांबायला सांगणं हा हलगर्जीपणा नाही. शरीराला विषाणू घालवायला दिलेली ती मुदत आहे. लागण टिकून राहिली तरी कॅन्सरपर्यंतचा प्रवास सहसा पंधरा-वीस वर्षांचा असतो. प्रतिकारशक्ती फार कमी असेल, म्हणजे उपचार न मिळालेला एचआयव्ही वगैरे, तर तो लवकर होतो. म्हणून वर्षभर काळजी करू नये, पण वर्षभरानंतरची तारीखही चुकवू नये. तेव्हाही पॉझिटिव्ह आलं तर कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून पाहतात आणि संशय आला तर बारीकसा तुकडा काढतात.

आता तुमची तक्रार. समजा, तयार झालेल्या त्या लॅबमध्ये तुम्ही गेलात. नमुना कुठून घेणार? पुरुषांत हा विषाणू एका ठरलेल्या जागी राहत नाही. लिंगाची त्वचा, अंडकोशाची त्वचा, गुदद्वार, तोंड, घसा, कुठेही. एका जागी बोळा फिरवून 'नाही' आलं तर ते त्या जागेपुरतं आणि त्या दिवसापुरतं. आणि 'आहे' आलं तर? २०२३ साली जगभरातल्या अभ्यासांची जी एकत्र मोजदाद प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी जवळपास दर तिसऱ्याच्या जननेंद्रियावर कुठला ना कुठला एचपीव्ही असतो, आणि दर पाचव्याच्या अंगावर धोकादायक प्रकारांपैकी एखादा. यांतल्या बहुतेकांना त्यापासून कधीच काही होत नाही. विषाणू मारायचं औषध नाही. तुमचा रिपोर्ट काहीही येवो, तुमच्या पत्नीची पुढची तारीख बदलत नाही आणि तुमच्यावर करण्यासारखा उपचारही निघत नाही. म्हणजे पैसे देऊन फक्त काळजी घरी आणायची. जी लॅब 'या' म्हणाली तिने तुम्हाला न्याय दिलेला नाही, गिऱ्हाईक केलंय.

निरोगी माणसांना बोलावून तपासायचं तर त्याला काय काय लागतं, याचे निकष विल्सन आणि युंगनर या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली लिहून ठेवले आणि ते अजून वापरात आहेत. आजार महत्त्वाचा हवा. तो उघड होण्याआधीची, ओळखता येणारी एक पायरी हवी. ती पायरी पकडणारी, लोकांना सोसेल अशी तपासणी हवी. आणि पकडल्यावर करायला गुणकारी उपचार हवा. यातलं एक जरी नसलं तरी तपासणीने फायद्यापेक्षा नुकसान होऊ शकतं. गर्भाशयमुखाच्या बाबतीत हे सगळं जमून आलंय, आणि त्यात निसर्गाच्या ठेवणीचा वाटा मोठा आहे. तिथे दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींचे थर एकमेकांना भेटतात. त्या सांध्याच्या भागात एका जातीच्या पेशींचं दुसऱ्या जातीत रूपांतर चालू असतं, आणि विषाणूला घुसायला ती जागा सोयीची पडते. बहुतेक कॅन्सर त्या बोटभर जागेतच सुरू होतात. जागा योनीतून पाहता येते, तिला हात पोचतो, आणि कॅन्सरपूर्व बदल सापडला तर तो भाग उष्णतेने, अतिथंडाने किंवा तारेच्या वेटोळ्याने काढून टाकता येतो. बहुतेकदा एकाच भेटीत, बाई त्याच दिवशी घरी.

घशाचं तसं नाही. तुम्ही वाचलंय ते खरं आहे. एचपीव्हीमुळे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर होतो, तो पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि अमेरिकेत तर त्याच्या रुग्णांची संख्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पुढे गेली आहे. मग तपासणी का नाही? कारण टॉन्सिलला आतवर गेलेल्या अरुंद भेगा असतात आणि विषाणूचं काम त्या भेगांच्या तळाशी चालतं. गर्भाशयमुखावर जशी कॅन्सरच्या आधीची पायरी डोळ्यांना दिसते, तशी टॉन्सिलमध्ये अजून कोणाला खात्रीने दाखवता आलेली नाही. घशात बोळा फिरवून किंवा गुळण्यांच्या पाण्यातून विषाणू सापडू शकतो, पण तो सापडलेल्यांपैकी कॅन्सर होणारे फारच थोडे, आणि कोणाला होणार हे ओळखून त्याच्या टॉन्सिलचं काय करायचं, याचं उत्तर नाही. रक्तात १६ क्रमांकाच्या विषाणूच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं कॅन्सर दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी सापडू शकतात, असं संशोधनातून पुढे आलंय. मला त्यात मोठी आशा वाटते. पण ती अजून संशोधनाचीच गोष्ट आहे, दवाखान्यात मागायची नाही.

म्हणून घशाच्या बाबतीत तुमच्या हातात आहे ते लक्षणांकडे लक्ष देणं. मानेत न दुखणारी गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, घसा एकाच बाजूने दुखत राहिला, गिळताना अडखळायला झालं, कान ठीक असून एकाच कानात कळ येत राहिली, थुंकीतून रक्त आलं, यातलं काहीही असलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि 'एचपीव्हीचा काही संबंध असेल का' असं स्वतःहून विचारा. पुरुष मानेतली गाठ दाढी करताना चाचपतात आणि सहा महिने कोणाला सांगत नाहीत. तंबाखूने होणाऱ्या घशाच्या कॅन्सरपेक्षा एचपीव्हीमुळे झालेला उपचाराला बरीच चांगली दाद देतो, म्हणून उशीर करणं जास्तच महागात पडतं.

लिंगाच्या कॅन्सरबद्दल फार लिहीत नाही. जगात तो विरळा, त्यातला अंदाजे निम्माच एचपीव्हीमुळे, आणि तो डोळ्यांना दिसतो. व्रण, गाठ, लाल चट्टा किंवा मागे न सरकणारी कातडी असली तर डॉक्टरांना दाखवायचं, इतकंच.

पण 'पुरुषांसाठी तपासणी नसते' हे वाक्य पूर्ण खरं नाही, आणि ते सरसकट म्हणण्यात काही पुरुषांवर खरोखर अन्याय होतो. गुदद्वाराच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्के एचपीव्हीमुळे होतात. तिथेही दोन थरांचा सांधा असतो आणि गर्भाशयमुखासारखीच कॅन्सरपूर्व पायरी असते. ती पायरी वेळेत काढून टाकली तर कॅन्सर टळतो का, हे २०२२ पर्यंत नक्की माहीत नव्हतं. त्या वर्षी 'अँकर' नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. एचआयव्ही असलेले, पस्तिशीपुढचे साडेचार हजारांच्या आसपास लोक, सगळ्यांना कॅन्सरपूर्व बदल झालेले. निम्म्यांवर लगेच उपचार केले, निम्म्यांवर नुसती बारीक नजर ठेवली. उपचार केलेल्या गटात कॅन्सर ५७ टक्क्यांनी कमी झाला. त्यानंतर २०२४ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेने कोणाची तपासणी करावी ते लिहून दिलं: एचआयव्ही असलेले आणि पुरुषांशी संबंध असणारे पुरुष, तसंच एचआयव्ही असलेल्या ट्रान्स स्त्रिया, ३५ पासून; एचआयव्ही असलेले बाकी सगळे, आणि एचआयव्ही नसलेले पण पुरुषांशी संबंध असणारे पुरुष, ४५ पासून; अवयव-प्रत्यारोपण झालेले, त्यानंतर दहा वर्षांनी; आणि योनीच्या बाह्यभागाचा कॅन्सर किंवा त्याआधीचे गंभीर बदल झालेल्या स्त्रिया. यांपैकी तुम्ही कोणी असाल तर हे पत्रात लिहायची गरज नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगा. अडचण अशी की ही तपासणी शिकलेले डॉक्टर फार कमी आहेत, आणि हा विषय काढायला रुग्ण लाजतो तितकाच पुष्कळदा डॉक्टरही लाजतो. ती सोय नसेल तिथे डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली साधी तपासणीदेखील उपयोगी पडते. हा कॅन्सर फक्त पुरुषांचा, किंवा फक्त समलिंगी पुरुषांचा, असाही समज नको. बऱ्याच देशांत तो स्त्रियांमध्येच जास्त आढळतो.

एवढं झाल्यावर तुमच्या पत्नीचं वाक्य घेते. माझ्या मते ते तुमच्या तक्रारीपेक्षा जास्त रास्त आहे. टेबल त्यांच्याच वाट्याला आलंय हे शरीररचनेमुळे, ते कोणी बदलू शकत नाही. पण ते टेबल इतकं अवघडवाणं का असावं, याला शरीररचना जबाबदार नाही.

पॅप स्मिअर १९४१ साली पापानिकोलाउ आणि ट्राउट यांनी जगासमोर आणली. योनीत स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं उपकरण, घालायचं, ते उघडायचं, गर्भाशयमुख खरवडून पेशी घ्यायच्या आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने पाहायच्या. जिथे ही तपासणी नियमित आणि काटेकोर झाली तिथे या कॅन्सरचे मृत्यू झपाट्याने उतरले. पण एका वेळच्या स्मिअरमध्ये गंभीर बदलांचा बराच मोठा वाटा सुटून जाऊ शकतो, म्हणून ती दर दोन-तीन वर्षांनी परत परत करायची. जिथे प्रयोगशाळा नाहीत तिथे व्हिनेगरची तपासणी आली: तीन ते पाच टक्के अॅसेटिक आम्ल लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का ते साध्या डोळ्यांनी पाहायचं. स्वस्त आणि जागच्या जागी निकाल देणारी, पण पाहणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून. पाळी गेल्यावर तो सांध्याचा भाग आत सरकतो, तेव्हा तर ती फारशी उपयोगाची राहत नाही.

एचपीव्हीची डीएनए तपासणी आल्यावर सगळं बदललं, निदान कागदावर तरी. गंभीर बदल असलेल्या शंभर जणींपैकी नव्वदहून अधिक जणी तिच्यात सापडतात. निगेटिव्ह आली तर पुढची निदान पाच वर्षं निर्धास्त राहता येतं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून हीच तपासणी आधी करा म्हणते: सर्वसाधारण स्त्रियांना तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी, एचआयव्ही असलेल्यांना पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये दर दोन वर्षांची पॅप बंद करून दर पाच वर्षांची एचपीव्ही तपासणी सुरू केली.

या तपासणीत पेशींचा आकार पाहायचा नसतो, विषाणू आहे की नाही एवढंच पाहायचं असतं. म्हणून गर्भाशयमुख दिसायलाच हवं असं नाही. बाई स्वतः, पडद्याआड किंवा घरच्या न्हाणीघरात, कापसाच्या काडीसारखी एक काडी योनीत घालून काही वेळा फिरवून नमुना घेऊ शकते. स्पेक्युलम नाही, टेबल नाही, अनोळखी हात नाहीत. विषाणूचा डीएनए वाढवून शोधणारी पद्धत वापरली तर असा नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा ठरतो, हे अनेक अभ्यास एकत्र पाहून दिसलंय. नेदरलँड्सने हा पर्याय २०१७ पासून देऊ केला, ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून सगळ्यांना, आणि अमेरिकेत २०२४ मध्ये दवाखान्यात स्वतः नमुना घ्यायला परवानगी मिळाली, २०२५ मध्ये घरी घ्यायच्या एका उपकरणालाही.

तेव्हा तुमच्या पत्नीने वर्षभराने जाताना पहिला प्रश्न हा विचारायचा: "पुन्हा एचपीव्हीच तपासायचं आहे, तर नमुना मी स्वतः घेतला तर चालेल का?" काही ठिकाणी अशा पाठपुराव्याच्या तपासणीलाही तो चालतो. पण हेही सांगायला हवं की स्वतःच्या नमुन्यावर पेशी तपासता येत नाहीत. पॉझिटिव्ह आलं तर पेशींसाठी किंवा कोल्पोस्कोपीसाठी टेबलावर जावंच लागेल. आणि टेबलावर जावं लागलं तरी दुखणं गृहीत धरायचं नाही. लहान आकाराचं स्पेक्युलम मागता येतं. ते स्वतःच्या हाताने आत घालू द्या म्हणता येतं, कुशीवर झोपून तपासणी करा म्हणता येतं, "थांबा" म्हणता येतं आणि थांबवता येतं. तुम्ही किंवा मैत्रीण शेजारी उभे राहू शकता. पाळी जायच्या सुमारास कोरडेपणामुळे दुखत असेल तर आधी काही दिवस लावायला मलम देतात. हे सगळं डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही. न सांगण्याला मी तरी अन्यायच म्हणेन, आणि तो दूर करायला एक पैसा लागत नाही.

तपासणीत न्याय-अन्याय शोधायचाच असेल तर स्त्री विरुद्ध पुरुष या जोडीत तो मला फारसा सापडत नाही. तो स्त्रिया आणि स्त्रिया यांच्यामध्ये सापडतो. २०२२ मध्ये जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाख दगावल्या. त्या मृत्यूंपैकी दहातले नऊहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. तीस ते एकोणपन्नास वयाच्या जगातल्या स्त्रियांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींची आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेली आहे. बाकीच्यांपर्यंत ती पोचलेलीच नाही. गंमत अशी की एकाच वेळच्या एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात याचा सर्वांत ठोस पुरावा अशाच स्त्रियांनी जगाला दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवरचा तो अभ्यास, २००९ साली प्रसिद्ध झालेला. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदा झाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारे निम्मे होते. त्या तुलनेच्या गटाला नुसती माहिती देऊन तपासणी न देणं योग्य होतं का, यावर नंतर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

याहून कडवट उदाहरण न्यूझीलंडचं आहे. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून कॅन्सरपूर्व बदल असलेल्या काही स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता डॉक्टर त्यांना नुसतं पाहत राहिले. हे त्यांना नीट सांगितलेलंही नव्हतं. १९८७ मध्ये ते एका मासिकातून बाहेर आलं, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीने ते मांडलं, आणि २००८ मध्ये त्या स्त्रियांच्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा कळलं की ज्यांच्यावर पुरेसे उपचार झाले नाहीत त्यांतल्या सुमारे तिसऱ्या हिश्शाला तीस वर्षांत कॅन्सर झाला. नीट उपचार झालेल्यांत शंभरात एकीलाही नाही. कॅन्सरपूर्व बदलांचं पुढे काय होतं हे आपल्याला इतक्या नेमकेपणाने ठाऊक आहे, ते असं.

आणखी काही जणी नेहमी गळतात. ज्यांचे संबंध फक्त स्त्रियांशी आहेत त्यांना 'तुम्हाला गरज नाही' असं सांगितलं जातं, ते चूक आहे. ट्रान्स पुरुषांना गर्भाशयमुख असेल तर तपासणी लागते, पण नोंदीत 'पुरुष' लिहिलं की बोलावणंच जात नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या बाईला टेबलावर चढता येत नाही म्हणून तपासणी राहते. पासष्टी ओलांडलेल्यांना आता थांबा म्हणतात. आधीच्या तपासण्या नियमित आणि निगेटिव्ह असतील तर ते बरोबर, पण जिची कधी झालीच नाही तिला हा नियम लागू नाही. उलट बाजूनेही अन्याय होतो. विशी-बाविशीच्या मुलींची एचपीव्ही तपासणी केली तर अशा लागणी ढिगाने सापडतात, ज्या आपोआप गेल्या असत्या. त्यांच्या गर्भाशयमुखाचा तुकडा विनाकारण काढला तर पुढे मूल वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. जास्त तपासणी म्हणजे जास्त चांगली काळजी घेणं असं नसतं.

तुमचा वाटा काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर सोडा, पत्नी ओढत असतील तर त्यांनीही. धूम्रपानाने हा विषाणू शरीरात टिकायला मदत होते. कंडोमने लागण कमी होते पण पूर्ण थांबत नाही, कारण विषाणू झाकल्या न गेलेल्या त्वचेवरही असतो. आणि इतकी वर्षं एकत्र असलेल्या जोडप्यात तो बहुधा आधीच दोघांना भेटून गेलेला असतो, त्यामुळे आता त्यावरून घरात नवे नियम करायची गरज नाही. लशीचा तुमच्या वयात फारसा उपयोग नाही. ती न भेटलेल्या प्रकारांपासून वाचवते, भेटलेले घालवत नाही. पुढच्या वर्षीची तारीख मात्र तुमच्या फोनमध्ये टाका, त्यांच्या नव्हे. ती लक्षात ठेवणं तरी त्यांच्या एकटीच्या वाट्याला नको.

मुलांना लस द्यायची, दोघांनाही. मुलीबद्दल वादच नाही. इंग्लंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये पुढे गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी दिसला. मुलाच्या बाबतीत मतभेद होते, आणि ते न्यायाचेच होते. फक्त मुलींना लस दिली तर मुलींशी संबंध ठेवणाऱ्या मुलांना आपोआप आडोसा मिळतो, पण मुलांशी संबंध ठेवणाऱ्या मुलांना तो मिळत नाही, आणि तेराव्या वर्षी कोण कुठे जाणार हे कोणाला माहीत असतं? ऑस्ट्रेलियाने मुलांना २०१३ पासून लस दिली, ब्रिटनने २०१९ पासून. त्याच २०१९ मध्ये जगात लशीचा तुटवडा होता, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी देशांना सांगितलं की सध्या मुलांचं थांबवा, आधी सगळीकडच्या मुलींना मिळू द्या. मला तो निर्णय पटला होता. आता पुरवठा सुधारलाय. ज्या कॅन्सरसाठी तपासणीच नाही, त्या घशाच्या कॅन्सरविरुद्ध तुमच्या मुलाकडे लस हाच काय तो उपाय आहे, म्हणून मी त्याला ती द्याच म्हणेन.

पंधराव्या वर्षाआधी सुरू केली तर सहसा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना नऊ ते वीस वयोगटात एक डोसही चालेल म्हणते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्त लागतात. तुमच्याकडचं वेळापत्रक मुलांच्या डॉक्टरांना विचारा. मुलीने लस घेतली तरी मोठेपणी तपासणी सुटत नाही, फक्त कदाचित कमी वेळा लागेल. आणि लस देण्याआधी दोघांचीही कसलीच एचपीव्ही तपासणी करायची नसते. ती लॅब याही वेळी तयार होईल. तिला नको म्हणा.